सरांनी सांगितलंय

भिसेगावात आमच्या इमारतीमागे अजून दोन शेतं शिल्लक आहेत. बाकीच्यांवर मजले चढले. दिवाळीच्या आसपास त्या दोन शेतांत भात कापायला माणसं उतरली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास येतो. ओल्या पेंढ्याचा, वाळत चाललेल्या चिखलाचा, किंचित गोडसर. इमारतीतली मुंबईहून राहायला आलेली मंडळी गॅलरीत उभी राहून तो वास छाती भरून घेतात. मी खिडकी लावून घेतो. "अहो, वारा येऊ दे की जरा," बायको म्हणते. भाताची कुसं उडतात, घशात जातात, असं मी सांगतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हापासून दर सुगीला हेच सांगतो आहे. ती कधी वाद घालत नाही. घशाचा प्रश्न नाही हे तिला माहीत असावं.

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. डोंगराच्या पायथ्याची शाळा. वर्गाच्या एका बाजूला आगगाडीचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेतं. श्रावणात खिडकीतून हिरवा उजेड फळ्यावर पडायचा, आश्विनात तोच उजेड पिवळा व्हायचा. लवकर पिकणारं हळवं भात दसऱ्याला कापणीला आलं की वर्गातली निम्मी बाकं रिकामी व्हायची. हजेरी घेताना मी नाव उच्चारायचो आणि उरलेली मुलं एका सुरात म्हणायची, "कापणीला, सर." मी रागावायचो नाही. उलट त्या दिवसांत मुद्दाम पुस्तकाबाहेरचं शिकवायचो, म्हणजे गैरहजर मुलांचा धडा बुडायचा नाही.

पुस्तकाबाहेरचं म्हणजे गोष्टी. विज्ञानाच्या गोष्टी सांगण्यात माझा हातखंडा होता, असं मुलं म्हणत आणि मीही मानत होतो. त्यातली एक मी दरवर्षी सांगायचो. युरोपातल्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणी तापाने मरत असत. तिथल्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं की प्रेतं चिरून तसेच बाळंतिणींकडे येणारे डॉक्टरच त्यांना मारत आहेत. तो म्हणाला, हात धुवा. बाकीच्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे म्हणतोस? इथे मी थांबायचो, कॉलर ताठ करून त्या गर्विष्ठ डॉक्टरांची नक्कल करायचो. मुलं खळखळून हसायची. मग मी आवाज खाली आणून विचारायचो, "का ऐकलं नसेल रे त्यांनी? गोष्ट तर एवढी साधी होती." कोणी म्हणायचं, मूर्ख होते. कोणी म्हणायचं, शिकलेले असून अडाणी. मी मान डोलवायचो. ती नक्कल आता आठवली की कानशिलं तापतात.

सुगीच्या दिवसांत मी आणखी एक पाठ घ्यायचो, साप चावल्यावर काय करायचं याचा. आमच्या भागात तो गरजेचाच होता. कापणीला वाकलेल्या माणसाचा हात कशावर पडेल याचा नेम नाही, आणि डोंगरउताराच्या खाचरांत फुरसं फार. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाशी वेटोळं करून बसलं तर दिसायचंही नाही. माझ्याकडे प्रथमोपचाराची एक जुनी पुस्तिका होती, मी स्वतः विद्यार्थी असताना शिबिरात मिळालेली. तिच्यातलं पाहून आम्ही मोठा तक्ता केला होता. चावलेल्या जागेच्या वर दोन ठिकाणी दोरी घट्ट आवळलेली, जखमेवर पात्याने दिलेली चीर, खाली लाल अक्षरांत: दवाखान्यात पोचेपर्यंत गाठ सोडू नये. एखाद्या मुलाला पुढे बोलवायचो, त्याच्या दंडाला सुतळी बांधून दाखवायचो, आणि सगळ्यांकडून ते वाक्य तीन वेळा म्हणवून घ्यायचो. गाठ सोडू नये. गाठ सोडू नये. गाठ सोडू नये.

अकरा वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये उपकेंद्रातल्या सोनावळे सिस्टर मुलांना जंताच्या गोळ्या द्यायला शाळेत आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, बोलायला कमी. दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या अडकवून वाड्यावस्त्यांवर पायी फिरणाऱ्या. वर्गातून स्टाफरूममध्ये आल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, तो सापाचा तक्ता काढून टाकाल का? आता असं बांधायचं नसतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलंय. बांधल्यानं रक्त थांबतं, आणि विष असलं तर ते एकाच जागी कुजवतं. चीर द्यायची नाही, चोखायचं नाही. हातपाय हलवू न देता तडक दवाखाना, एवढंच."

मी म्हणालो, "पुस्तकात आहे, सिस्टर."

"पुस्तक जुनं असेल, सर."

स्टाफरूममध्ये सहा-सात जण होते. सगळे ऐकत होते. मी हसलो आणि म्हणालो, "सिस्टर, तुम्ही सुया टोचा. शिकवायचं काम आमच्यावर सोडा."

सगळे हसले. त्याही ओठांतल्या ओठांत हसल्या, मान खाली घातली आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं मोजायला लागल्या. चहा झाला होता, पण त्यांना कोणी विचारला नाही. मीही नाही.

हे वाक्य मी एखाद्या डॉक्टरला बोललो असतो का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर शोधावं लागत नाही. त्या बाई होत्या, नर्स होत्या, आणि सोनावळे हे आडनाव ऐकलं की त्या गावातल्या कुठल्या वस्तीतून येतात हे आमच्या स्टाफरूमला न सांगता कळत होतं. त्यांचे वडील आमच्याच शाळेच्या रस्त्यावर खडी फोडायला होते, हेही कळत होतं. बौद्ध वस्तीतली, दहा किलोमीटर चालत शाळा शिकलेली ती मुलगी आज मला विज्ञान सांगते आहे, हे मला सहन झालं नाही. मी तेव्हा स्वतःला जातपात न मानणारा समजत होतो. आंबेडकर जयंतीला दरवर्षी भाषण करत होतो. तक्ता मात्र भिंतीवर राहिला.

त्याच वर्षीची ही सुगी. दिवाळीची सुट्टी लागली होती. नववीतली अश्विनी आईबरोबर कापणीला गेली. वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी, दोन वेण्यांची, सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेणारी मुलगी. तिची आई मंदाताई. वडील नव्हते, मायलेकीच शेत करत. त्यांचं खाचर ओढ्यापलीकडे, चढावर. सकाळी दहाच्या सुमाराला मंदाताईंनी डाव्या हाताने भाताची मूठ धरली आणि उजव्या हातातला विळा लावणार तोच बोटाला काहीतरी डसलं. फुरसं होतं. शेजारच्या खाचरातल्या माणसांनी पाहिलं.

पुढचं मला अश्विनीनेच सांगितलं, शाळा उघडल्यावर, सगळ्या वर्गासमोर उभं राहून. मीच तिला पुढे बोलावलं होतं.

"म्या अजिबात घाबरले नाय सर. भारे बांधायची नायलॉनची दोरी व्हती, ती घेतली. एक मनगटावर आवळली आन् एक कोपराच्या वर. तुमी दाखवलं तशीच. मंग आईला चालवत खाली आणली. रस्त्याला यायला तास गेला. टेंपो मिळाला, पर पळसदरीपाशी गाड्याच गाड्या, धरणावर आलेल्या लोकांच्या. टेंपो हालंचना. कर्जतात आलो तं पयला दवाखाना बंद, दिवाळी म्हनून. मंग सरकारी गाठला. साडेतीन तास लागले. आई टेंपोत रडायला लागली, सोड गं बाय, हात जातोय माजा, आग व्हतेय. म्या म्हनलं, नाय सोडायचं आई, सरांनी सांगितलंय. तिनं दुसऱ्या हातानं सोडाया बघितली तं म्या तिचा हात धरून ठेवला."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते अभिमानाचं होतं.

मंदाताई तेव्हा अजून इस्पितळातच होत्या. कर्जतहून त्यांना पुढे मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. महिन्याभराने त्या घरी आल्या. जीव वाचला होता. डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली होती, उरलेली दोन वळत नव्हती. गावात सगळे म्हणाले, बोटांवर निभावलं, पोरीने आईला मरणातून ओढून आणलं. अश्विनी नव्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्या घरी आली. "आईनं दिलेत. तुमच्यामुळं वाचली म्हनाली." मी नको नको म्हणत घेतले. बायकोने त्याचा भात केला. मऊ, वाफाळता, नव्या तांदळाचा चिकट भात. आम्ही दोघांनी तूप घालून खाल्ला.

दोन दिवसांनी सोनावळे सिस्टर शाळेत आल्या. स्टाफरूममध्ये आल्या नाहीत, मला बाहेर बोलावलं. आम्ही नळाच्या टाकीपाशी उभे होतो.

"सर, त्या दिवशी कर्जतला माझी ड्यूटी होती," त्या म्हणाल्या. "दोरी मी कापली. हात काळानिळा पडला होता, दोरी मांसात रुतली होती. डॉक्टर म्हणाले, विषानं थोडं नुकसान झालंच असतं, पण इंजेक्शन वेळेत लागू पडलं होतं. बोटं गेली ती जास्त करून दोरीनं."

मी टाकीचा गळका नळ घट्ट बंद केला.

"तुम्हाला बोल लावायला नाही आले. तक्ता काढा, एवढंच सांगायला आलेय."

त्या गेल्यावर मी पुण्यात डॉक्टर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, ते बांधणं-चिरणं केव्हाच मोडीत निघालंय. आम्हाला सुरुवातीलाच सांगतात, असं करून आलेल्या पेशंटला जास्त जपा म्हणून." मी लगेच विश्वास ठेवला. एका शब्दाची शंका घेतली नाही, कुठल्या पुस्तकात आहे असं विचारलं नाही. सिस्टरांनी जुलैमध्ये हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. फोन खाली ठेवल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसून राहिलो. शाळा सुटली, मुलं माझ्या बाजूने गेली, "येतो सर, येतो सर" म्हणत. मी प्रत्येकाला हात केला.

तक्ता मी दुसऱ्या दिवशी काढला. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना. गुंडाळून कपाटामागे टाकला. मुलांनी विचारलं तेव्हा म्हणालो, भिंत रंगवायची आहे.

खरं सांगायचा एक मोठा प्रसंग माझ्यासमोर आला होता. प्रजासत्ताक दिनाला शाळेने अश्विनीचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या. तालुक्याच्या बातम्या देणारा एक माणूस फोटो काढायला आला होता. भाषण मला करायला सांगितलं. मंदाताई समोर बायकांत बसल्या होत्या, डावा हात पदराखाली. झेंड्याच्या चबुतऱ्यापाशी सोनावळे सिस्टर उभ्या होत्या. मी दहा मिनिटं बोललो. प्रसंगावधान, धैर्य, विज्ञाननिष्ठ दृष्टी. शाळेत शिकलेलं ज्ञान आयुष्यात कसं उपयोगी पडतं. एकेक शब्द खोटा आहे हे माहीत असताना मी तो खणखणीत आवाजात उच्चारला. समोर सगळा गाव होता, मुख्याध्यापक होते, आणि माझ्या एकतीस वर्षांपैकी चोवीस वर्षं होऊन गेली होती. त्या चोवीस वर्षांत मिळालेला मान एका वाक्यात खाली ठेवायची माझी छाती झाली नाही. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. निघताना माझ्या जवळून गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टाळ्या पोरीसाठी होत्या, सर."

बातमी छापून आली. गावोगावच्या लोकांनी ती मोबाईलवर एकमेकांना पाठवली. खालापूरपासून नेरळपर्यंत ती फिरली. फोटोत अश्विनी एका मुलीच्या दंडाला दोरी बांधून दाखवत होती.

औषधांच्या इतिहासाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. देवीची लस कशी आली, ते मी मुलांना रंगवून सांगायचो. गाई पिळणाऱ्या मुलींना देवी येत नाही, हे त्या मुलींना आणि त्यांच्या गावाला आधीपासून माहीत होतं. डॉक्टरने ते नीट तपासलं आणि लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. कोणाच्या तोंडून आलं की ज्ञान होतं आणि कोणाच्या तोंडून आलं की नुसतं बोलणं राहतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. माझ्या त्या पुस्तिकेत दोरी बांधायला सांगणारा माणूसही खोटारडा नसणार. त्या काळच्या शहाण्यांना ते खरंच योग्य वाटत होतं. पुढे कोणीतरी तपासलं, चूक दिसली, खोडून टाकलं. विज्ञान असंच चालतं, असं मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं आहे. पण खोडलेलं माझ्या शाळेपर्यंत पोचलं ते एका नर्सच्या पायांनी, दोन पिशव्यांसकट, आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं. उलट चुकीच्या गोष्टीला मी शाल घातली, नारळ दिला, फोटो दिला. ती माझ्या मदतीने जेवढी लांब गेली तेवढं माझं कुठलंच खरं शिकवणं गेलं नाही.

पुढच्या सुगीला खालापूरकडच्या एका गावात एका माणसाच्या पायाला साप चावला. घरच्यांनी तार आवळली. पाय वाचला, पण तो तीन महिने खाटेवर होता. सिस्टर तिथून परस्पर माझ्याकडे आल्या. त्या दिवशी त्यांच्या आवाजात पहिल्यांदा राग होता. "विचारलं मी त्यांना, कुणी सांगितलं बांधायला? म्हणाले, त्या शाळेतल्या पोरीनं केलं तसं केलं, मोबाईलवर आलं होतं."

मी त्याच दुपारी मंदाताईंकडे गेलो. त्या अंगणात भात झोडत होत्या. उजव्या हाताने पेंढी उचलायच्या, डाव्या मनगटाचा टेकू द्यायच्या आणि पाटावर आपटायच्या. प्रत्येक आपटीला दाणे उडत होते. अश्विनी शाळेत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माझं चुकलं, मी चुकीचं शिकवलं, तुमची बोटं त्यामुळे गेली.

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "मला ठावं हाय, सर."

"कधीपासून?"

"दवाखान्यातच. सिस्टर बघाया आल्यावत्या, त्यांनी सांगितलं. म्या त्यांना शपथ घातली, पोरीला बोलू नका. तिनं माजा हात धरून ठेवलावता, सर. तिला कळलं तं ती जन्मात सुखानं जेवायची नाय."

"मग ते तांदूळ? माझ्यामुळे वाचलात म्हणून पाठवले होते ते?"

"पोर म्हनली, सरांना द्यायचं. तिच्याफुडं काय म्हनू मी?" त्या जराशा हसल्या, माझी अडचण झाली म्हणून हसावं तसं. "तुमी बी नका सांगू तिला. येवढं करा."

मी कबूल केलं. कबूल करताना मला हायसं वाटलं, हे इथे लिहायलाच हवं. त्या माऊलीने लेकीसाठी मागितलेलं मौन मी स्वतःसाठी घेतलं.

तरी त्या आठवड्यात मी दहावीच्या वर्गात तो पाठ पुन्हा घेतला. साप चावला तर बांधू नका, चिरू नका, असं सांगितलं. मुलं गोंधळली. एकाने हात वर केला. "मंग सर, अश्विनीनं बांधलं ते?"

अश्विनी तिसऱ्या बाकावर होती. पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ते वेगळं. त्या वेळी तेच बरोबर होतं."

तिने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. काय लिहिलं असेल? वर्गाला जे कळायचं ते कळलं. एरवी बांधू नका, पण कधीकधी बांधलेलं बरोबर असतं. साप चावलेल्या माणसाच्या घरात प्रत्येकाला आपली वेळ ती कधीकधीचीच वाटते.

पुढे कितीतरी वर्षांनी मला सुचलं की त्या दिवशी आणखी एक वाक्य होतं. "अश्विनीला मी चुकीचं शिकवलं होतं, तिने शिकवलेलं चोख केलं." एवढंच. त्या वाक्याने कोणाचंच ओझं त्या पोरीवर पडलं नसतं, सगळं माझ्यावर आलं असतं. म्हणून ते मला सुचलं नाही.

सिस्टरांची दोन वर्षांनी अलिबागकडे बदली झाली. निरोपाला मी गेलो नाही, शाळेची तपासणी आहे असं कळवलं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी कधी लावलेला नाही.

आणि आता ही सुगी. गेल्या आठवड्यात सकाळी अश्विनीचा फोन आला. ती पंचवीस वर्षांची आहे, खालापूर तालुक्यातच दिली आहे, एक मुलगी आहे, आणि वर्षभरापासून आशा सेविका झाली आहे. "सर, आमच्या गावात बायांची बैठक हाय. साप-विंचवाचं सांगायचंय, कापनी सुरू झाली ना. तुमी याल का? सर आले म्हनलं की बाया येतात."

मी हो म्हणालो, आणि मग दोन दिवस काही सुचलं नाही. तिला कळलं असणार. आशांना ते शिकवतातच. ती मला कशाला बोलावते आहे?

समाजमंदिरात तीसेक बायका होत्या, थोडे म्हातारे पुरुष. कापणीतून तशाच आलेल्या, पायांना चिखल, डोक्याला बांधलेल्या रुमालांत भाताची पानं. मला खुर्ची दिली. मी मागच्या भिंतीशी, पंख्याखाली, सतरंजीवर बसणं पसंत केलं. अश्विनी उभी राहिली. तिने आईसारखा पदर खोचला होता.

"म्या नववीत व्हते," ती म्हणाली. "आईला फुरसं चावलं. म्या तिचा हात दोरीनं बांधला, साडेतीन तास. ती सोड म्हनत व्हती तरी सोडला नाय. तिची तीन बोटं गेली. सापानं नाय गेली, माज्या दोरीनं गेली. मला हे आशाच्या ट्रेनिंगला कळलं. फळ्यावर लिवलंवतं, बांधू नये. दोन दिवस मला घास गेला नाय. आई अजून म्हनते, तूच वाचवलीस. पर तसं नाय. म्हनून सांगते, बांधू नका."

पुढच्या रांगेतली एक पोक्त बाई म्हणाली, "येवढीशी पोर तू. तुला कुनी शिकवलं व्हतं गं असं?"

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. तिला सगळं माहीत होतं हे त्या पाहण्यात होतं, पण राग नव्हता, तेच मला सोसेना. ती त्या बाईकडे वळून म्हणाली, "तवा समद्यांना तसंच ठावं व्हतं, काकी."

अकरा वर्षांपूर्वी मी तिच्याआड लपलो होतो. आता ती स्वतःहून मला आड घेत होती.

मी उठलो. "समद्यांना नाही," मी म्हणालो. "तिला मी शिकवलं. शाळेत, तक्ता लावून. आणि ते चूक आहे हे सोनावळे सिस्टरांना तेव्हाच माहीत होतं. त्यांनी मला आधी सांगितलं होतं, साप चावायच्या तीन महिने आधी. मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांना हसलो. बोटं गेली ती माझ्यामुळे. अश्विनीचा दोष नाही."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कोणी रागावेल, कोणी उठून जाईल. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर कोणाचा तरी टेंपो पेंढा भरून गेला. अश्विनीने पदराने डोळे पुसले, पण मान वर ठेवली.

मघाची ती पोक्त बाईच बोलली. "बरं केलंत सर, बोललात. बसा आता." आणि अश्विनीकडे तोंड करून, "सांग गं फुडं. बांधायचं नाय, मंग करायचं काय?"

"हात नायतं पाय, जिथं चावलं ते हालवायचं नाय," अश्विनी म्हणाली. "मानसाला चालवायचं नाय, उचलून न्यायचं. अंगठी, बांगड्या काढायच्या. चिरायचं नाय, चोखायचं नाय, पाला लावत बसायचं नाय. गाडी बोलवायची आन् सरळ सरकारी दवाखाना."

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने कानामागे हात धरला आणि मला कोपराने ढोसलं. "काय म्हनली ती? मला नीट ऐकू नाय येत."

मी तिच्या कानाशी वाकलो आणि अश्विनीने सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, स्वतःचा एकही शब्द न घालता.